क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे धातुयुक्त जैवरेणूंमुळे होणारे विघटन

गाभ्याशी धातूचा अणू असलेल्या जैवरेणूंच्या साहाय्याने डीडीटी, लिंडेन यांसारख्या कीटकनाशकांतील क्लोरीन सुटा होण्याची क्रिया. जीवनसत्त्व ब-१२ (कोबाल्ट), रक्तातील हीम (लोह) आणि मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांतील एफ-४३० (निकेल) हे यातले प्रमुख रेणू.

ब-१२चे इंजेक्शन लाल दिसते, ते ऑक्सिडीभूत कोबाल्टमुळे. हवा काढून टाकून त्यात टायटॅनियम सायट्रेटसारखे क्षपणकारक मिसळले, की द्राव आधी पिवळट तपकिरी आणि मग करडा-हिरवा होतो. या अवस्थेतला कोबाल्ट इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो. कार्बन-क्लोरीन बंध तुटतो, क्लोराइड बाहेर पडते. क्षपणकारक शिल्लक असेतो तोच कोबाल्ट पुन्हा कामाला लागतो. हवा शिरली, की सारे थांबते.

गाईच्या कोठीपोटातील द्रवात, तळ्याच्या पाण्यात आणि क्षपित पॉर्फिरिनांमुळे डीडीटीचे डीडीडी होते, हे मिस्कस, ब्लेअर व कॅसिडा यांनी १९६५मध्ये दाखवले. मात्र क्लोरीन गेला म्हणजे विष उतरले, असे नाही. डीडीडी स्वतःच एके काळी कीटकनाशक म्हणून विकले जाई. लिंडेनपासून टेट्राक्लोरोसायक्लोहेक्झीन आणि थोडे क्लोरोबेंझीन मिळते. संशोधन-निबंधांत 'विघटन' हा शब्द फार लवकर वापरला जातो.

शेतात ही क्रिया कितपत घडते, याचे एक उदाहरण मराठवाड्याचे. इथे नांदेड कापसाचे, तर लातूर तुरीचे. बोंडअळी आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी एंडोसल्फान फवारले जाई, लिंडेन असलेली बीएचसी पावडर धुरळली जाई. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९मध्ये, बीएचसी १९९७मध्ये आणि एंडोसल्फान १३ मे २०११च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. ही द्रव्ये पाण्यात जेमतेम विरघळतात आणि मातीला धरून राहतात. इथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खोलवर हवा खेळते. अशा रानात डीडीटीचे बव्हंशी डीडीई होते आणि ते फार चिवट असते. वरील क्रियेला वाव मिळायचा तो पावसाळ्यात पाणी साचून राहणाऱ्या चिबड जमिनीत, नाहीतर नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या जलाशयाच्या तळच्या गाळात.

डेहॅलोकोकॉइडिस हे जिवाणू क्लोरीन काढण्यावरच जगतात. त्यांच्या विकरांत ब-१२च्या जातीचा रेणू आणि लोह-गंधकाचे गुच्छ असतात. पण तो रेणू त्यांना स्वतःला बनवता येत नाही, शेजारच्या सूक्ष्मजीवांकडून घ्यावा लागतो.