यात्रेस निघण्यापूर्वी : परिवहन खात्याकडील माहिती व तिचा उपयोग

आषाढी-कार्तिकीस पंढरपूर, चैत्रात जोतिबा, पौष व माघ पौर्णिमेस सौंदत्ती, याखेरीज वर्षभर कोल्हापूर, गोकर्ण व तिरुपती अशा यात्रा बेळगाव परिसरातील भाविक मंडळी करीत असतात. गाडी कोणती ठरवावी आणि तिची कागदपत्रे कशी पाहावीत, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. शासनाच्या परिवहन खात्याने ही माहिती सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. परंतु ती कोठे पाहावी हे ठाऊक नसल्याने तिचा लाभ फारच थोडे लोक घेतात. भाविकांच्या सोयीसाठी ती येथे संकलित करून देत आहोत.

खाते आणि महामंडळ

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. वाहनांची नोंदणी, चालकांचे परवाने, परमिट व फिटनेस ही कामे परिवहन खाते आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांमार्फत (आर.टी.ओ.) करते. बसगाड्या चालविणे हे महामंडळांचे काम आहे. आपल्या भागात हुबळी येथे मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, महाराष्ट्राची एस.टी. आणि गोव्याचे कदंब महामंडळ या तिन्हींच्या गाड्या धावतात. वेळापत्रक, आरक्षण व भाडे यांची चौकशी महामंडळाकडे करावी. खासगी वाहनाविषयीची चौकशी वा तक्रार आर.टी.ओ. कडे करावी.

भाड्यातील सवलतींविषयी सीमाभागात नेहमी घोटाळा होतो. कर्नाटकाची महिलांसाठीची ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात एस.टी. ने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास, तर महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे अशी सवलत दिली. या सवलती मुख्यत्वे त्या त्या राज्याच्या हद्दीतील प्रवासासाठी आहेत. सीमा ओलांडून जाणाऱ्या गाडीत बसण्यापूर्वी आगारात विचारणा करावी, म्हणजे वाहकाशी वाद होत नाही.

नंबरपट्टी काय सांगते

नंबरातील आरंभीची अक्षरे राज्य व त्यापुढील अंक नोंदणी कार्यालय दर्शवितात : केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक, एमएच-०९ कोल्हापूर. याहून महत्त्वाचा आहे तो पट्टीचा रंग. भाड्याने प्रवासी नेण्याची अनुमती असलेल्या वाहनाची पट्टी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पट्टीवरील काळी अक्षरे म्हणजे खासगी वापराचे वाहन. विजेवरील वाहनांची पट्टी हिरवी असते. त्यावरील पिवळी अक्षरे भाड्याची आणि पांढरी अक्षरे खासगी गाडी दर्शवितात.

दोन पैसे कमी पडतात म्हणून ओळखीच्या गृहस्थाची पांढऱ्या पट्टीची गाडी भाड्याने नेण्याची पद्धत आहे. प्रवास निर्विघ्न झाला तर काहीच कळत नाही. दुर्दैवाने अपघात घडला, तर मात्र विमा कंपनी अटींचा भंग झाल्याचे सांगून भरपाई नाकारू शकते आणि कुटुंबास वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. टेंपो वा ट्रकसारख्या मालवाहू वाहनांतून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यात्रेस जाणाऱ्यांची स्थिती याहून बिकट होते, कारण ही वाहने प्रवाशांसाठी नसतातच.

गाडी ठरविताना पाहावयाच्या गोष्टी

१. केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर अथवा ‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर घातला असता वाहनाचा प्रकार आणि फिटनेस, विमा व पी.यू.सी. यांच्या मुदती दिसतात. आपला भ्रमणध्वनी क्रमांक नोंदविणे तेवढे आवश्यक असते.

२. फिटनेस : भाड्याच्या वाहनास पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुदत परतीच्या दिवसापर्यंत आहे ना, हे पाहावे.

३. परमिट : दुसऱ्या राज्यात जावयाचे असल्यास गाडीस त्या प्रवासाचे परमिट आहे का, हे मालकाकडून कागद पाहूनच निश्चित करावे.

४. आसने : नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या संख्येहून अधिक माणसे बसवू नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे, आणि जादा प्रवाशांची दुसरी व्यवस्था होईपर्यंत गाडी अडवून ठेवता येते.

५. चालक : मोठ्या बससाठी चालकाकडे भारी प्रवासी वाहनाचा परवाना हवा. चालकाच्या कामाचे तास दिवसाला साधारणतः आठच धरलेले आहेत. रात्रभर गाडी हाकून, दर्शन होताच त्याच चालकाने परत निघणे हे कायद्यासही धरून नाही व जिवासही बरे नाही. लांबच्या यात्रेस दोन चालक ठरवावेत. त्याचा खर्च वर्गणीतच धरावा.

अपघातसमयी

११२ हा सर्व आपत्तींसाठी आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांसाठीचा साहाय्य क्रमांक आहे. जखमीस मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. आपले नाव वा पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा पोलिसांच्या चौकशीच्या भयाने कोणीही मागे सरू नये. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयात विनारोकड उपचार मिळू शकतात. वाहन धडकवून पळून गेल्यास मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे.

माहिती न मिळाल्यास

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपली कामे, नियम व अधिकाऱ्यांची नावे स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असतात. तशी ती न आढळल्यास जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. साधारणतः १० रुपये शुल्क लागते व ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

यात्रेचा संकल्प सोडताना आपण तिथी व वार पाहतो. त्याच वेळी गाडीच्या कागदांची मुदतही पाहावी, एवढीच आमची भाविकांस नम्र विनंती आहे. दहा मिनिटांचे हे काम दिंडीप्रमुखाने किंवा घरातील एखाद्या तरुणाने आपल्याकडे घ्यावे. सर्वांची यात्रा सुखरूप पार पडो.