कोच, खुर्ची आणि बाकडं

प्रत्येक धंद्याची ओळख त्याच्या फर्निचरवरून पटते. खुर्ची मागे कलली की दाताचा डॉक्टर, गोल फिरली की केशकर्तनालय, आणि सोडवेनाशी झाली की मंत्री. मानसोपचाराची ओळख म्हणजे कोच. कोचावर आडवा पडलेला एक दुःखी इसम आणि उशाशी वही घेऊन बसलेला दाढीवाला डॉक्टर, एवढ्याशा भांडवलावर जगभरच्या व्यंगचित्रकारांनी वर्षानुवर्षं संसार चालवले.

आपल्याकडे मात्र या विषयाला फर्निचर नव्हतं, गाव होतं. मुंबईकरांचं ठाणे, पुणेकरांचं येरवडा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून ठाणेकरांनी आपल्या तलावांची कितीही तारीफ केली, तरी ‘मी ठाण्याला असतो’ म्हटल्यावर समोरचा गालातल्या गालात हसायचाच. येरवड्याला तर तुरुंगही आहे, त्यामुळे तिथल्या माणसाला आणखी एक खुलासा करावा लागे.

थोडक्यात, आपल्या हिशेबी माणसाच्या अवस्था दोनच. शहाणा घरी आणि वेडा ठाण्याला. सकाळी केसपेपर काढून डॉक्टरांशी चार गोष्टी बोलणारा आणि दुपारी बसने घरी येऊन वरणभात जेवणारा मनोरुग्ण आपल्या शब्दकोशातच नव्हता. या मधल्या माणसाचा इतिहास मोठा मजेदार आहे, आणि मजेदार गोष्टी असतात तसाच थोडा दुःखाचाही.

तो सुरू होतो व्हिएन्नात, १८८० साली. डॉ. जोसेफ ब्रॉयर नावाचे एक सज्जन वैद्य एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करत होते. हात लुळे पडायचे, नजर बिघडायची, आणि काही काळ तर ती आपली मायबोली जर्मन विसरून फक्त इंग्रजी बोलायला लागली. (आपल्याकडे हे लक्षण कॉन्व्हेंटमध्ये घातल्यावर दिसतं आणि आईबापांना त्याचा अभिमान वाटतो.) ब्रॉयरसाहेबांच्या ध्यानात आलं, की संध्याकाळी हिला मनातलं सगळं बोलू दिलं की हिला हलकं वाटतं. या प्रकाराला त्या मुलीनंच नाव दिलं, ‘बोलण्याचा उपचार’. थट्टेत असली की म्हणायची, ‘धुराडं साफ करणं’. शास्त्राचं बारसं डॉक्टरनं नव्हे, रोग्यानं केलं, असं उदाहरण विरळाच.

आपल्या आज्या हेच धुराडं पहाटे जात्यावर बसून साफ करत असत. सासूचा जाच आणि माहेरची आठवण, दोन्ही दाण्यांबरोबर भरडली जायची. पुढे गिरणी आली, पीठ बारीक झालं, पण बोलायची जागा गेली.

ती मुलगी त्या उपचारानं ठणठणीत बरी झाली असं मात्र नाही. नंतरही तिला आरोग्यधामांत राहावं लागलं. पण पुढे ती उभी राहिली ती अशी, की अनाथ मुली आणि फसवल्या गेलेल्या बायका यांच्यासाठी तिनं आयुष्य वेचलं. बेर्था पापेनहाइम तिचं नाव. १९५४ साली पश्चिम जर्मनीनं तिच्या चित्राचं टपालतिकीट काढलं. ब्रॉयरच्या पुस्तकात तिला खोटं नाव घ्यावं लागलं होतं, तिकिटावर खरं आलं.

ते पुस्तक १८९५ सालचं आणि त्यात ब्रॉयरचे भागीदार होते सिग्मंड फ्रॉइड. कोच यांचाच. तो त्यांना एका रुग्णबाईंनी भेट दिला होता. त्यावर गालिचा पसरून फ्रॉइड रोग्याला आडवं करायचे आणि आपण त्याच्या डोक्यामागे खुर्ची टाकून बसायचे. यामागे काही खोल तत्त्व असेल असं मला पुष्कळ दिवस वाटत असे. तर १९१३ साली त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की दिवसातले आठ तास लोकांनी टक लावून आपल्याकडे पाहिलेलं मला सोसत नाही! बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या कुणालाही हे पटेल. हिटलरच्या माणसांनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ साली फ्रॉइड लंडनला गेले, तेव्हा कोचही पाठोपाठ गेला. आज तो तिथल्या संग्रहालयात आहे.

फ्रॉइडच्या टेबलावर जुन्या मूर्तींची दाटी असे. त्यांत हस्तिदंताचा एक विष्णूही होता. तो १९३१ साली त्यांच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून गेला होता. पाठवणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस. १९२२ साली यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, पण भेट कधीच झाली नाही. पत्रात बोस त्यांच्याशी मतभेदही बेधडक मांडत. बंगाली माणूस, वाद घातल्याशिवाय स्नेह कसा करणार? यांचे थोरले बंधू राजशेखर बोस म्हणजे ‘परशुराम’ या नावानं लिहिणारे बंगालीतले नामांकित विनोदी लेखक. एक भाऊ लोकांना हसवून हलकं करी, दुसरा बोलवून. एकाच घरात दोन दवाखाने.

आणि १९३३ साली याच बोसांनी कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनाच्या दुखण्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण इस्पितळातला हा देशातला पहिला. १९३८ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानींनी तसाच सुरू केला. इथं आपलं खास भारतीय फर्निचर रंगभूमीवर आलं. लाकडी बाकडं! खोकला, खरूज आणि खिन्नता एकाच इमारतीत, एकाच प्रकारच्या बाकड्यावर, नंबर पुकारायची वाट बघत. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध हाती आलं आणि ज्यांना पूर्वी कोंडून ठेवत, त्यांतले कितीतरी या बाकड्यापर्यंत चालत येऊ लागले.

त्या बाकड्यावर मीही बसलो आहे. १९७९ साली, मुंबईतल्या एका इस्पितळात, दर गुरुवारी, थोरल्या भावाच्या शेजारी. दादा हिशेबनीस. कचेरीत कुठल्याशा खात्यात सव्वाअकरा रुपयांचा मेळ बसेना. त्यानं झोप सोडली, मग जेवण, मग बोलणं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. चाळीत सांगायचं काय? आईनं ठरवलं, ‘डोळे दाखवायला जातो’ म्हणायचं.

सहा महिने डोळे दाखवून झाले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “एवढं दाखवताय, अजून चष्मा कसा नाही?” झालं! त्याच संध्याकाळी बिननंबरी काचांचा चष्मा आणला. दादा तो लावून गॅलरीतून जाई आणि खोलीत शिरला की काढून ठेवी. इज्जतीचा नंबर असा शून्य निघाला.

डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या, पण बोलायलाही लावलं. दहा-बारा मिनिटंच, बाहेर एवढी रांग होती. एकदा त्यांनी विचारलं, “हिशेब जुळलाच पाहिजे, हे ठीक. पण तुमच्या हातून चूक होताच कामा नये, हा नियम कुणी केला?” दादा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मीच केला असावा.” सहा महिन्यांतलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

या प्रश्नामागचा पंथ पुढे वाचनात आला. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली कोच बाजूला सारून समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. गृहस्थ मुळात लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी बागेतल्या शंभर अनोळखी मुलींशी एका महिन्यात बोलण्याचा नेम केला. पुन्हा भेटायचं फक्त एकीनं कबूल केलं, आणि तीही आली नाही! पण आकाश कोसळलं नाही, हे त्यांना कळलं, आणि मुलींची भीती कायमची गेली. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही विचारसरणी आपल्याकडे रुजवली. मला तर वाटतं, एलिसचं भांडण आपल्या ‘च’शी आहे. जमलंच पाहिजे, मुलगा पहिलाच आला पाहिजे, लोकांनी चांगलंच म्हटलं पाहिजे. मराठीतला सगळ्यात छोटा शब्द, पण माणसाला झोपू देत नाही.

पुढे १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञानं फर्निचरच काढून टाकलं. बोललेलं प्रश्नरूपानं परत करणारा ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम त्यानं लिहिला. त्याच्या सेक्रेटरीला ठाऊक होतं की हे यंत्र आहे, तरी दोन-चार वाक्यं झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर जाता का?” यंत्र किती हुशार, याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. ऐकून घेणाऱ्याची भूक किती मोठी, याची तेवढी होत नाही.

आता पुष्कळ बदललंय. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारानं मानसिक आरोग्याची संस्था निघाली, तीही नेमकी ठाण्यातच. तिथं लोक आपल्या पायांनी जातात आणि संध्याकाळी घरी येतात. २०१७ च्या कायद्यानं मनाच्या उपचाराला हक्क म्हटलं, विम्यानं त्याला शरीराच्या दुखण्यासारखंच मानावं असंही सांगितलं. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनीही आहे.

दादा दोन वर्षांनी बरा झाला. चष्मा मात्र आणखी काही महिने लावावा लागला, एकदम काढला तर काकू काय म्हणतील? मग एका रात्री काकूच दार ठोठावून आत आल्या. दार लोटून घेतलं, आईजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “वहिनी, तुमचे ते डोळ्यांचे डॉक्टर... आमच्या धाकट्यालाही दाखवायचं होतं.”

पुढच्या गुरुवारी दादाच त्या मुलाला घेऊन गेला. व्हिएन्नाचा कोच लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलाय, आपल्या बाकड्याला कुणी संग्रहालयात नेणार नाही. बरोबरच आहे. त्याला सवड कुठं आहे? त्याच्यावर अजून माणसं बसलेली आहेत.