सातपुडा रेल्वेची मालगाडी : छायाचित्रांचे वाचन

जबलपूरला रेल्वेच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान लाभले ते १८७० मध्ये. मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग त्या वर्षी येथे अलाहाबादकडील ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. हा मार्ग साडेपाच फुटी, म्हणजे ब्रॉडगेज होता. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अवघ्या अडीच फुटी रुळांची सातपुडा रेल्वे टप्प्याटप्प्याने सुरू केली. तिच्या उतारू गाडीची आठवण लोकांनी जपली. मालगाडी मात्र जुन्या छायाचित्रांतच शोधावी लागते.

हा शोध वाटतो तितका सोपा नाही. तिरकस कोनातून टिपलेले रूळ प्रत्यक्षाहून जवळ भासतात. म्हणून केवळ रुळांतील अंतर न पाहता त्याची वाघिणीच्या रुंदीशी तुलना करावी लागते. नॅरोगेजवर वाघीण रुळांबाहेर दोन्ही बाजूंना बरीच पुढे आलेली दिसते. दुसरी खूण बफरची. ब्रॉडगेज वाघिणीच्या टोकाला त्या काळी दोन बाजूंस दोन बफर असत; नॅरोगेज वाघिणीला मध्यभागी एकच.

परंतु एकच बफर मीटरगेज वाघिणीलाही असे. जबलपूरला मीटरगेज मार्ग नव्हता, त्यामुळे तेथील छायाचित्रात ही खूण निर्णायक ठरते. गोंदियाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. तेथून जाणारा नागपूर-छत्तीसगड मार्ग प्रारंभी मीटरगेज होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ब्रॉडगेज केला. तेव्हा त्या परिसरातील त्याआधीचे चित्र सातपुडा रेल्वेचे असूच शकत नाही. एकच खूण स्थळकाळानुसार निराळी साक्ष देते, ती अशी.

वाघिणीवरील अक्षरेही सावधपणे वाचावी लागतात. बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारकडे गेली आणि १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे अस्तित्वात आली. जुनी अक्षरे पुसून नवी रंगवण्यास वेळ लागतो. म्हणून जुनी अक्षरे त्यानंतरच्या चित्रातही आढळू शकतात. दक्षिण-पूर्व रेल्वेची अक्षरे असलेले चित्र मात्र १९५५ पूर्वीचे असणे शक्य नाही.

मालही बोलका असतो. बालाघाटचे मँगनीज इतके जड की वाघीण काठोकाठ भरण्याआधीच तिची भारमर्यादा गाठली जाते. त्यामुळे अर्धी रिकामी दिसणारी उघडी वाघीण वस्तुतः पूर्ण भरलेली असू शकते. बांबूचा भार याउलट काठावर चढलेला दिसतो.

दोन रुंदींचे मार्ग जिथे भेटत, तिथे पुढे जाणारा सर्व माल एका वाघिणीतून दुसरीत हलवावा लागे. हे काम हमालांच्या खांद्यांवर होते. अशा चित्रांच्या कडेला दिसणारी पोती वाहणारी माणसे म्हणूनच इंजिनाइतकीच महत्त्वाची होत. चित्राची कड कापली की व्यापाराच्या इतिहासातून त्यांचे श्रमही वगळले जातात.

जबलपूरची नॅरोगेज वाहतूक २०१५ मध्ये थांबली व तो मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला. नागपूरच्या मोतीबागेतील संग्रहालयात २००२ पासून नॅरोगेजची काही साधने जतन केलेली आहेत. पण भरलेली वाघीण, तिची वाट आणि तिच्याभोवतीची माणसे एकत्र पाहायची असतील, तर अभ्यासकाला या छायाचित्रांकडेच वळावे लागेल. चित्रावर चुकीचे स्थळ वा वर्ष लिहिले गेल्यास ही साक्षही निरुपयोगी ठरते.