सरहद्द, विधवा आणि विवाह : मेडोज टेलरच्या दोन कादंबऱ्या

१

‘सरहद्द’ ही इतिहासाची एक कोटी म्हणून प्रतिष्ठित झाली ती प्रामुख्याने फ्रेडरिक जॅक्सन टर्नरच्या १८९३ मधील निबंधामुळे. टर्नरच्या मांडणीत सरहद्द म्हणजे पश्चिमेकडे सरकत जाणारी वसाहतीची कड, आणि तिच्या पलीकडे ‘मोकळी जमीन’. त्या जमिनीवर आधीपासून माणसे राहत होती, हे वास्तव इतिहासकाराला दुय्यम ठरवता आले. कादंबरीकाराला ते शक्य झाले नाही. टर्नरच्या सुमारे सत्तर वर्षे आधीपासून अमेरिकन कादंबरी या माणसांशी जडणाऱ्या प्रेमसंबंधांचा विचार करीत होती. लिडिया मारिया चाइल्डच्या ‘होबोमोक’मध्ये (१८२४) गोरी नायिका मूलनिवासी पुरुषाशी विवाह करते, परंतु तिचा पहिला प्रियकर परतताच होबोमोक स्वतःहून अरण्यात निघून जातो. जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये (१८२६) मिश्र वंशाची कोरा आणि अंकास दोघेही मरतात. हेलन हंट जॅक्सनच्या ‘रमोना’मध्ये (१८८४) अलेसान्द्रो गोऱ्या माणसाच्या गोळीला बळी पडतो. कॅथरिन सेजविकच्या ‘होप लेस्ली’सारखा (१८२७) अपवाद वगळता या कथनांचा नियम स्पष्ट आहे : सरहद्द ओलांडणारे प्रेम उदात्त असू शकते, पण ते संसार थाटू शकत नाही.

या नियमाची परीक्षा दख्खनच्या भूमीवर करून पाहण्यास एक महत्त्वाचे साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे कर्नल फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) याच्या ‘तारा’ (१८६३) आणि ‘सीता’ (१८७२) या इंग्रजी कादंबऱ्या. मराठी वाचकाला टेलर ठाऊक असतो तो ठगाच्या जबानीचा लेखक म्हणून. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या दोन कादंबऱ्या आणि लेखकाचे स्वतःचे घर ही अधिक बोलकी साधने होत.

२

दख्खनची सरहद्द टर्नरच्या अर्थाने कधीच ‘मोकळी’ नव्हती. धारूरचा किल्ला १५६७ मध्ये आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने बांधला, तो निजामशाहीच्या तोंडावर. पुढे हाच प्रदेश मोगल, मराठे आणि आसफजाही यांच्या ओढाताणीत राहिला. एकोणिसाव्या शतकात अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. २१ मे १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजी व्यवस्थेखाली गेला आणि १८६० मध्ये तो निजामाकडे परतला. बीडचा मुलूख मात्र निजामाकडेच होता. दिंद्रुड-धारूरकडचा भाविक तुळजापूरला निघाला, तर त्या काळात तो एका अमलातून दुसऱ्या अमलात जात असे. परंतु त्याची देवी, भाषा आणि सोयरीक यांना ती रेषा ठाऊक नव्हती. येथील सरहद्द वस्तीच्या पलीकडे नव्हती, वस्तीच्या आतून जात होती. धर्म, जात आणि सत्ता यांच्या सीमा एकाच बाजारपेठेत, कित्येकदा एकाच घरात एकमेकींना छेदत होत्या.

१८५३ नंतर या नळदुर्ग मुलखाचा कारभार टेलरकडे होता. ‘तारा’चे पूर्वार्धातील केंद्र तुळजापूर आहे. देवीच्या पुजारी घराण्यातील व्यासशास्त्री यांची मुलगी तारा ही बालविधवा, विद्यासंपन्न आणि भवानीला वाहिलेली. तिच्यावर वाईट नजर ठेवणारा मोरो त्रिमल हा शिवाजी महाराजांच्या पक्षातला, आणि तिला आश्रय देणारा फाजल हा अफजलखानाचा मुलगा. ताराला अखेरीस चितेवरून वाचवतो तोही फाजलच, आणि कादंबरी त्यांच्या विवाहात संपते.

या योजनेतील धाडस मराठी वाचकालाच पुरते जाणवेल. सतराव्या शतकाच्या अखेरच्या सभासद बखरीपासून मराठी स्मृतीत अफजलखान हा तुळजाभवानीचा भंग करणारा म्हणून स्थिर झालेला आहे. त्याचाच मुलगा त्याच देवस्थानातील ब्राह्मण कन्येचा त्राता आणि पती व्हावा, ही कल्पना त्या स्मृतीला थेट छेद देते. आणि हे जोडपे मरत नाही. कूपरचा नियम येथे मोडतो.

तो का मोडतो? टेलरच्या औदार्यात याचे उत्तर शोधणे अपुरे ठरेल. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ ही कादंबरीत्रयी १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शतकांच्या साखळीवर रचलेली आहे. प्रत्यक्षात १० नोव्हेंबर १६५९ रोजी घडलेले अफजलखानाचे प्रकरण या साखळीसाठी १६५७ शी जोडले गेले. मराठ्यांचा उदय, प्लासी आणि उठाव असा हा क्रम असून त्याचे गंतव्य इंग्रजी सत्ता हेच आहे. या चौकटीत हिंदू-मुसलमान प्रेमाला जगू देण्यात इंग्रज लेखकाचे काहीच पणाला लागत नाही. उलट मराठी पक्षाचा प्रतिनिधी कामांध आणि विजापूरचा प्रतिनिधी शीलवान दाखवून स्वराज्याच्या उभारणीवर कारस्थानाची छाया टाकता येते. जी सीमा येथे ओलांडली जाते ती परक्यांची आहे, राज्यकर्त्याची नव्हे.

३

‘सीता’मध्ये सीमा राज्यकर्त्याची आहे. सीताही विधवा आहे. सोनार घराण्यातील, संस्कृत जाणणारी. सिरिल ब्रँडन हा इंग्रज मुलकी अधिकारी तिच्याशी विवाह करतो. नायक प्रामाणिक आहे आणि लेखकाची सहानुभूती निःसंशय सीतेकडे आहे. तरीही इंग्रजी समाजाच्या लेखी हा विवाह विवाहच ठरत नाही. १८५७ च्या धामधुमीत सीता नवऱ्याला वाचवताना जखमी होऊन मरते आणि ब्रँडन पुढे एका इंग्रज स्त्रीशी लग्न करतो. म्हणजे येथे कूपरचा नियम पूर्ववत लागू होतो. सीतेचा त्याग जितका थोर दाखवला जातो, तितकी तिची अनुपस्थिती सोयीची होत जाते.

दोन्ही नायिका विधवा असणे हा योगायोग नव्हे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) हिंदू विधवांच्या स्थितीचा पट मांडून अखेरीस यमुनेचा पुनर्विवाह घडतो, तो तिच्या धर्मांतरानंतर. मिशनरी मराठी कादंबरी आणि वसाहतवादी इंग्रजी कादंबरी या दोहोंनाही सीमा ओलांडणारी स्त्री हवी होती, आणि दोहोंनी ती एकाच ठिकाणाहून उचलली : जिला स्वतःच्या समाजाने आधीच उंबऱ्याबाहेर ठेवले आहे तेथून. सधवेचे किंवा कुमारिकेचे असे प्रेम कुळाच्या मालकीला आव्हान देते. विधवेच्या प्रेमाला ‘उद्धार’ म्हणता येते. पुरुष त्राता ठरतो आणि स्त्रीची इच्छा कृतज्ञतेत विरघळते. तारा जगते आणि सीता मरते, एवढा फरक असला, तरी आपली निवड आपल्या भाषेत मांडण्याचा अवकाश दोघींनाही फारसा मिळत नाही.

४

टेलरच्या कादंबऱ्यांसमोर त्याचे घर ठेवले म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. १८३० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने मेरी पामरशी विवाह केला. मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. आणि विल्यम हे जनरल विल्यम पामर व फैज बख्श यांचे पुत्र. जनरल पामर १७९८ ते १८०१ या काळात पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते. म्हणजे टेलरची पत्नी एका मुसलमान खानदानी स्त्रीची नात होती. त्याच सुमारास हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांच्या विवाहाने कलकत्त्यापर्यंत खळबळ माजवली होती. मात्र अशा घरांवर त्याआधीच कायद्याची छाया पडली होती : १७९१ पासून भारतीय आईच्या मुलांना कंपनीच्या नोकरीची दारे बंद होत गेली. विल्यम पामर प्रथम निजामाच्या फौजेत होते आणि नंतर पेढीच्या धंद्यात शिरले. टेलरची आयुष्यभराची नोकरीही कंपनीच्या सैन्यातली नव्हे, निजामाच्या सेवेतली.

सरहद्दीवरील प्रेमाला संसार थाटता येत नाही, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. फैज बख्शने संसार केला, तिच्या मुलाने पेढी चालवली, तिच्या नातीने इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केले. सीतेचा मृत्यू ही म्हणून घटितांची अपरिहार्यता नव्हती. ती कथनाची निवड होती. ज्या लेखकाला असे घर आतून ठाऊक होते, त्याने सासरच्या या इतिहासावर कादंबरी लिहिली नाही. एका दिशेला तो दोन शतके मागे, तुळजापूरला गेला. दुसऱ्या दिशेला उठावाच्या आगीत. मधल्या काळात असे जे संसार खरोखर नांदले, ते त्याच्या ललित लेखनाबाहेर राहिले.

१८५७ नंतरच्या इंग्रजी वाचकवर्गाला हा मधला काळ अडचणीचा होता, हे त्याचे एक कारण. व्हर्जिनियाने १६९१ मध्येच गोऱ्यांचे कृष्णवर्णीयांशी आणि मूलनिवासींशी होणारे विवाह दंडनीय ठरवले होते, आणि अशा निर्बंधांचा अखेरचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९६७ मध्ये लागला. हिंदुस्थानात असा विवाहबंदीचा कायदा करावा लागला नाही. नोकरीचे नियम, क्लबाची शिष्टसंमत दारे आणि कादंबरीचा शेवट यांनी ते काम पुष्कळ अंशी केले.

मराठवाड्याच्या वाङ्मयीन इतिहासात ‘तारा’ला परकीयाने लिहिलेली एक चमत्कारिक कथा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तिच्यातील मराठी पक्षाचे चित्रण एकांगी आहे, यातही शंका नाही. परंतु तुळजापूर-नळदुर्गच्या भूमीवर घडणाऱ्या या कथनाने एक प्रश्न शिल्लक ठेवला आहे, आणि तो केवळ टेलरला विचारण्याचा नाही. सीमा ओलांडणाऱ्या जोडप्याला कोणते कथन जगू देते आणि कोणते मारते, हे पाहताना त्या प्रेमाची तीव्रता मोजून भागत नाही. ती सीमा कोणाच्या मालकीची आहे, हे आधी तपासावे लागते. देशी भाषांतील ऐतिहासिक कादंबरीलाही हीच कसोटी लावली, तर तिच्यातील अनेक उदात्त मृत्यूंचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.