लघुविश्व समस्या
लघुविश्व समस्या : परस्परांना अनोळखी असलेल्या कोणत्याही दोन व्यक्ती ओळखीच्या किती दुव्यांनी जोडल्या जातात, याविषयीचा समाजशास्त्र व गणित यांच्या सीमेवरील प्रश्न. हंगेरियन लेखक फ्रिजेश कॅरिन्थी यांनी १९२९ मध्ये एका कथेत, जगातील कोणाही माणसापर्यंत पाच मध्यस्थांमार्फत पोहोचता येईल, अशी कल्पना मांडली. इथिएल डी सोला पूल व मॅन्फ्रेड कोचेन यांनी १९५० नंतरच्या दशकात तिचा गणिती विचार केला. त्यांचा निबंध मात्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या ५०० ओळखी धरल्यास दुसऱ्या फेरीत अडीच लाख व तिसऱ्या फेरीत साडेबारा कोटी माणसे येतात. प्रत्यक्षात हा हिशेब जुळत नाही. कारण एका आळीतील वा एका पेढीतील माणसांच्या ओळखी फिरून त्याच माणसांवर येतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम (१९३३–८४) यांनी १९६७ च्या सुमारास हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणला. जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्यासह केलेल्या व १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेब्रॅस्का राज्य व बॉस्टन येथील २९६ व्यक्तींना बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका रोखे-दलालाचे नाव देण्यात आले. दलालाशी परिचय नसल्यास, त्याच्या अधिक जवळ जाईल अशा स्वतःच्या परिचिताकडे कागदपत्र धाडावयाचे होते. २१७ जणांनी ते पुढे पाठविले. दलालापर्यंत ६४ पोहोचले. त्यांना सरासरी ५·२ मध्यस्थ लागले. यांपैकी १६ साखळ्या दलालाच्या गावच्या एकाच कापड-व्यापाऱ्याच्या हातून गेल्या. कोणाच्याही ओळखी सारख्याच उपयोगी पडत नाहीत, हे यावरून उघड होते.

पुढे जॉन ग्वेअर यांच्या १९९० च्या नाटकामुळे सहा हा आकडा सर्वतोमुखी झाला, अर्धवट राहिलेल्या साखळ्या मात्र विस्मृतीत गेल्या. ज्यूडिथ क्लाइनफेल्ड यांनी २००२ मध्ये येल विद्यापीठातील मिलग्रॅम यांची कागदपत्रे तपासली, तेव्हा कॅन्ससमधील आरंभीच्या प्रयोगात ६० पैकी केवळ ३ साखळ्या पूर्ण झाल्याचे आढळले. त्याहून बोलका पुरावा चार्ल्स कॉर्टे व मिलग्रॅम यांच्या १९७० च्या अभ्यासात आहे. लॉस अँजेल्समधील श्वेतवर्णीयांनी न्यूयॉर्कमधील श्वेतवर्णीयांकडे सुरू केलेल्या साखळ्यांपैकी ३३ टक्के, तर कृष्णवर्णीयांकडे सुरू केलेल्यांपैकी १३ टक्केच पूर्ण झाल्या. पूर्ण झालेल्या साखळ्यांच्या लांबीत मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे वर्णभेदाची भिंत सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. ती न पोहोचलेल्या पत्रांच्या संख्येत दिसते.

डंकन वॉट्स व स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये गणिती प्रतिमानाद्वारे दाखविले, की घट्ट गटांच्या जालात थोडे दूरचे दुवे मिसळले तरी अंतरे झपाट्याने घटतात. पण मार्ग असणे व तो सापडणे या भिन्न गोष्टी होत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मेल प्रयोगात २४,१६३ पैकी ३८४ साखळ्याच पूर्ण झाल्या. २०११ मध्ये फेसबुकच्या ७२·१ कोटी सदस्यांमधील सरासरी अंतर ४·७४ दुवे भरले. तेथे मात्र संपूर्ण जालाचा आराखडा संगणकापुढे होता, कोणालाही पत्र पुढे धाडावे लागले नव्हते.