काळाराम मंदिर परिसर (नाशिक)

नाशिक येथे गोदावरीच्या डाव्या तीरावर, पंचवटीत, काळाराम मंदिरापासून सीतागुंफा, कपालेश्वर व रामकुंड यांपर्यंत पसरलेला पादचारी वहिवाटीचा प्राचीन भाग. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधविलेले हे मंदिर चार दिशांना चार द्वारे असलेल्या उंच तटाने वेढलेले असल्यामुळे, त्याच्यासमोरचा मोकळा फरसबंद चौक तटाच्या आत आहे. पेठेची सारी वर्दळ, म्हणजे हारफुले, कुंकू, रुद्राक्षमाळा व तांब्यापितळेची पूजापात्रे विकणारे दुकानदार, यजमानांच्या वंशावळींच्या वह्या राखणारे तीर्थोपाध्याय व क्षौराला बसलेले यात्रेकरू, बाहेरच्या गल्ल्यांत व घाटावर विखुरली आहे. जवळच्या नारोशंकराच्या मंदिरावरील प्रसिद्ध घंटा पोर्तुगीज बनावटीची असून, 1739 च्या वसई-विजयानंतर ती येथे आली, असे मानले जाते.

या वाटांवर चालण्याचा हक्क सर्वांना सारखा नव्हता, आणि परिसराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण तेच होय. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सहस्रावधी अस्पृश्य स्त्रीपुरुष शिस्तबद्ध मिरवणुकीने मंदिराशी आले, तेव्हा द्वारे बंद करण्यात आली व सत्याग्रह्यांनी चारही द्वारांशी ठाण मांडले. एप्रिलमधील रथोत्सवात उभय पक्षांनी रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. परंतु ती पाळली गेली नाही आणि सत्याग्रह्यांवर दगडफेक झाली. भाऊराव गायकवाड यांनी स्थानिक आघाडी सांभाळलेला हा लढा पुढे कित्येक वर्षे चालला, तरी द्वार उघडले नाही. याच जिल्ह्यातील येवले येथे ऑक्टोबर 1935 मध्ये आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे हा अनुभव होता. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा त्यानंतर, 1947 साली, झाला.

वर उल्लेखिलेल्या रथोत्सवात, चैत्रातील कामदा एकादशीस, राम व गरुड यांचे रथ हाताने ओढीत नेतात. सिंहस्थ कुंभमेळ्यातील पर्वकाळी पोलिसांच्या हुकुमाने वाहने दूरवरच थांबविली जातात. एरवी मात्र गल्ल्यांचा अरुंदपणा हाच वाहनांना मुख्य अटकाव, आणि दुचाकीस्वार तोही फारसा जुमानीत नाहीत.