मोडीची नवी लेखणी

बडनेरा हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन. अमरावतीची शाखा येथूनच फुटते. याच जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें पवित्र स्थान. आपले ग्रंथ परक्यांस वाचतां येऊं नयेत म्हणून या पंथानें सकळ लिपीची योजना केली व एका अक्षराच्या जागीं दुसरें चिन्ह घालून मजकुरास कुलूप लाविलें. तें कुलूप हेतुपूर्वक लाविलेलें होतें आणि किल्ली पंथाजवळ होती. मोडी मात्र सर्वांच्या व्यवहाराची लिपि असूनही, कोणीं न लावितांच तिला कुलूप बसलें.

बोरू फारसा न उचलतां भराभर लिहितां यावें, ही मोडीची सोय. ओळभर शिरोरेषा आधीं ओढावयाची व अक्षरें तिला लोंबतीं सोडावयाचीं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तींत पाळीत नसत. विल्यम केरी यानें १८१० सालीं बंगालमधील श्रीरामपुरास आपला मराठी कोश मोडी खिळ्यांनीं छापिला. परंतु पुढें छापखान्यांनीं बाळबोध पत्करिली, टंकलेखनयंत्रही तिच्यासाठींच घडलें, आणि शाळांतून मोडी उठली. यंत्राच्या कळा कारखान्यांत ठरत. लिहिणारास त्यांत फेरफार करितां येत नसे. घरोघरचीं खतें व वाटणीपत्रें मुकीं झालीं.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या एका साधनानें ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविली. ‘ईमॅक्स’ हें तें साधन १९७६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत जन्मलें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ मध्यें त्याची ‘ग्नू’ आवृत्ति सर्वांस खुली केली. वापरणारानें स्वतः नियम लिहून तें आपल्या गरजेप्रमाणें बदलावें, हें त्याचें मूळ तत्त्व. २०१४ सालीं युनिकोडनें मोडी अक्षरांस क्रमांक दिले. ३० जुलै २०२३ रोजीं निघालेल्या ईमॅक्सच्या २९ व्या आवृत्तींत ब्राह्मी, शारदा, कैथी यांच्या पंक्तींत मोडीच्या लेखनाचीही सोय झाली. योग्य फाँट जवळ असला म्हणजे साध्या कळफलकावरून मोडी उमटते.

हें साधन आजोबांचें वाटणीपत्र वाचून दाखविणार नाहीं. हाताच्या वळणाची मोडी वाचण्यास अभ्यासच हवा. परंतु जाणत्यानें वाचलेला मजकूर मूळ लिपींतच उतरून ठेवणें, त्यांतील नांव शोधणें, दोन प्रती ताडून पाहणें आतां शक्य आहे. कुलुपाची किल्ली घडली आहे. ती फिरविणारे हात तयार झाले पाहिजेत.